नऊ रविवार, नव्वद दीर्घिका

फोन आला तेव्हा माझ्या हातात कापूस होता. लाहोटींच्या जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात सहा टेम्पो उभे होते आणि चौथ्या टेम्पोच्या ढिगापाशी मी मालाची प्रत ठरवायला उकिडवा बसलो होतो. फोन कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या गुंडेरावचा होता. एरवी तो मला फोन करत नाही.

"साहेब, मॅडम पडल्या."

"कुठं पडल्या?"

"वर्गात. फळ्यापाशी. दवाखान्यात नेलं होतं."

"नेलं होतं म्हणजे?"

गुंडेरावनं तिथं कुणालातरी बाजूला व्हायला सांगितलं. मग म्हणाला, "तुम्ही या, साहेब."

मला कळलं. मी फोन खिशात ठेवला. ढीग अर्धा बघून झाला होता, उरलेला अर्धा बघितला. वरचा माल चांगला होता, खाली फरदड मिसळली होती. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडाला मागून आलेला हलका कापूस. मी दुसरी प्रत लावली, चिठ्ठीवर सही केली आणि मोटारसायकल काढली.

पुढं लोकांनी हे फार मनावर घेतलं. माझी मेहुणी अजून म्हणते, "बायको गेल्याचं कळलं आणि हा माणूस कापूस बघत बसला." खरं आहे. पण अर्धा बघितलेला ढीग दुसऱ्या ग्रेडरला देता येत नाही. तो पहिल्यापासून बघतो आणि तोवर टेम्पोवाला उन्हात ताटकळतो. शिवाय दुसरं काय करायचं ते मला त्या वेळी सुचलं नव्हतं.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. माझी बायको कालिंदी परभणीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. गावात सगळे तिला मॅडम म्हणत. मीही म्हणायचो, आधी चेष्टेनं, मग सवयीनं. ती मला अहो म्हणायची. मी बारावीनंतर शिकलो नाही. आम्हाला मूलबाळ नव्हतं.

शिकवण्याशिवाय तिचं एक काम होतं, ते दीर्घिकांचं. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं एक गाव, असं ती वर्गात सांगायची. अशी शेकडो गावं एकत्र असली की तो समूह. समूहाच्या मधोमध दाटी असते. तिथं जी दीर्घिका शिरते तिच्यातला वायू झडून जातो. वायू गेला की नवे तारे होत नाहीत. जुने तेवढे उरतात, आणि ते पिवळे-तांबडे दिसतात. अशा दीर्घिकांना तिच्या क्षेत्रातले लोक मेलेल्या म्हणतात. मॅडमचं म्हणणं असं की सगळ्याच मेलेल्या नाहीत. काहींमध्ये अलीकडे नवे तारे झालेत आणि आपण नीट बघितलेलं नाही.

"कशावरून?" मी एकदा विचारलं होतं.

"निळ्यावरून. मोठे निळे तारे लवकर मरतात. म्हणून निळं दिसलं की समजायचं, हे नुकतेच झालेत."

"नुकतेच म्हणजे?"

"दहा कोटी वर्षांत."

"बरं."

"बरं काय? त्यांच्या हिशेबात दहा कोटी म्हणजे काल-परवा."

"मग ही फरदड झाली," मी म्हणालो. "झाड संपलं म्हणून सोडून दिलं आणि मागून बोंडं आली."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं कुणी लिहून घेतल्याची ती पहिलीच वेळ.

कामाची पद्धत अशी. परभणीत बसून दुर्बीण लागत नाही. अवकाशातल्या दुर्बिणींनी काढलेले फोटो कुणालाही बघायला मिळतात. आपल्याला जवळ असलेल्या सहा समूहांतल्या चारशे अडुसष्ट दीर्घिका तिनं निवडल्या होत्या. प्रत्येकीचं चित्र दोन माणसं वेगवेगळी बघणार. एक मॅडम. दुसरी तबस्सुम, मॅडमचीच जुनी विद्यार्थिनी, आता पुण्यात संशोधक. दोघींनी आपापल्या कागदावर लिहायचं, नवे तारे 'आहेत' किंवा 'नाहीत'. सगळं होईपर्यंत एकमेकींशी बोलायचं नाही. या बाबतीत मॅडम कडक होती. तबस्सुम ईदला घरी आली आणि चुकून म्हणाली, "मॅडम, ती एकशेचाळीस नंबरची काय सुंदर आहे ना," तर मॅडमनी ती दीर्घिका यादीतूनच काढून टाकली. आधी चारशे एकोणसत्तर होत्या.

दोघींचं जुळलं की प्रश्न मिटला. न जुळलेल्या चौऱ्याण्णव निघाल्या. त्यांच्यासाठी तिसरा माणूस पाहिजे होता. पुण्यातला कुणी चालत नव्हता, कारण ते लोक दीर्घिका चेहऱ्यावरून ओळखतात. ओळखली की ती मेलेली की जिवंत हे त्यांच्या मनात आधीच ठरलेलं असतं.

"मला असा माणूस पाहिजे ज्याला यातलं काही कळत नाही, पण डोळा चांगला आहे," मॅडम म्हणाली.

"शोध मग."

"शोधला."

अशा रीतीनं मी तिसरा झालो. मॅडमनी चित्रं एकाच स्टुडिओतून पोस्टकार्डाएवढी छापून आणली. मागं फक्त नंबर. जुने तारे पिवळे आणि डोळ्याला न दिसणारा अतिनील उजेड निळ्या रंगात दाखवलेला. रविवारी जेवण झालं की ती पलंगावर दहा चित्रं मांडायची आणि समोरच्या खुर्चीत बसायची. मी आहे-नाही सांगायचो, ती चिठ्ठीवर लिहायची. असे नऊ रविवार झाले. दहाव्या रविवारच्या आधी, गुरुवारी, ती फळ्यापाशी पडली.

दीड महिन्यानं तबस्सुम आली. दुपारची वेळ होती. तिनं खांद्यावरची बॅग खाली ठेवली, मॅडमच्या खुर्चीकडं बघितलं आणि पलंगावर बसली. मी चहा केला.

"काका, साखर?"

"टाकली आहे."

"नाही टाकली."

मी साखरेचा डबा आणून दिला. तिनं दोन्ही कपांत घातली आणि बॅगेतून त्याच स्टुडिओतून छापून आणलेल्या चित्रांचं एक पाकीट काढलं.

"मॅडमचा पेपर पूर्ण करायचाय. तेवीस चित्रं राहिलीत. पुढच्या महिन्यात पुण्याला परिषद आहे. पहिलं भाषण मॅडमच्या नावानं ठेवलंय. डॉक्टर चौबळ करणार आहेत. तुम्ही एवढी तेवीस बघून दिली की झालं."

डॉक्टर चौबळ म्हणजे तबस्सुमचे पुण्यातले साहेब. पेपरात तिसरं नाव त्यांचं होतं.

मी चष्मा पुसला. तिनं पलंगावर दहा चित्रं मांडली. मी पहिलं उचललं. मधे पिवळा गोळा, कडेला धूसर. मी मान वर करून तिच्याकडं बघितलं. ती मोबाइलमध्ये बघत होती. मी परत चित्राकडं बघितलं. दुसरं उचललं. परत तिच्याकडं बघितलं.

"काय झालं, काका?"

"मला कळंना."

"घाई नाही. सावकाश बघा."

मी सावकाश बघितलं. दहाच्या दहा बघितली. चहा संपला.

"काका, आधीची एकाहत्तर कशी कळली होती?"

मी खरं ते सांगितलं. "मॅडमचा चेहरा बघून."

तबस्सुमनं मोबाइल उलटा ठेवला. "म्हणजे?"

"चित्र उचललं की मी तिच्याकडं बघायचो. तिला 'आहे' पाहिजे असलं की ती जरा पुढं वाकायची. मग मी 'आहे' म्हणायचो."

"सगळ्यांना?"

"बऱ्याच जणींना."

"छप्पन्न," ती म्हणाली. "एकाहत्तरपैकी छप्पन्न 'आहे' आहेत. काका, काय बोलायलात तुम्ही? तुम्हाला स्वतःला काही दिसलंच नाही का?"

"दिसलं असंल. मी तिकडं फारसं बघितलं नाही."

ती उठून दारापर्यंत गेली आणि परत आली. मग तिनं मला समजावून सांगितलं. समूहांच्या दाटीत शंभर मेलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या दीर्घिका घेतल्या तर अठरांत नवे तारे आहेत, असा मॅडमच्या पेपरचा निष्कर्ष होता. त्या अठराच्या जोरावरच पहिलं भाषण मिळालं होतं. माझी छप्पन्न काढली तर शंभरात सहा उरत होत्या. सहाचं कुणाला नवल नव्हतं. सहासाठी कुणी सहा वर्षं घालवत नाही.

"मॅडमनी घातली," ती म्हणाली. "कॉलेज करून, घर करून, सुट्ट्यांमध्ये. हा त्यांचा शेवटचा पेपर आहे, काका. दुसरा येणार नाही."

"हो."

"मग आत्ता तुम्ही जे बोललात ते तुम्ही बोलला नाहीत आणि मी ऐकलं नाही."

"बोललो ना पण."

"कशाला बोललात?"

मी तिला जिनिंगचं सांगितलं. ढिगापाशी बसलं की मालकाच्या तोंडाकडं बघायचं नाही, हा आमच्यातला नियम आहे. कुणी ओळखीचा असतो, कुणी सोयरा असतो, कुणाचं तोंड उतरलेलं असतं. बघितलं की हात ढिला पडतो. म्हणून मुठीत कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांनी धागा ओढायचा आणि तेवढंच बघायचं. तीस वर्षं मी असंच केलं. माझा सख्खा मामेभाऊ त्या पायी माझ्याशी बोलत नाही.

"घरी मात्र बघितलं," मी म्हणालो.

"बायको होती तुमची."

"म्हणूनच तर. सोयऱ्याचा माल दुसऱ्या ग्रेडरकडं द्यायचा असतो. मी आधीच नाही म्हणायला पाहिजे होतं."

तबस्सुमनं चौबळांना फोन लावला आणि मोबाइल आमच्या दोघांच्या मधे ठेवला. तिनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. चौबळांनी आकडे पुन्हा एकदा विचारून घेतले. मग म्हणाले, "मुंजाजीराव, आपण दुःखात आहात. अशा वेळी माणूस स्वतःला दोष देतो. हे स्वाभाविक आहे."

"मी दोष देत नाही. झालं ते सांगितलं."

"तुम्हाला आज तसं वाटतंय. त्या वेळी तुम्ही खरोखर चित्रंच पाहिली असतील."

"नाही पाहिली."

"बरं, असं करू. परिषद होऊ दे. अठराच ठेवू. नंतर सवडीनं पुन्हा तपासू."

"नंतर म्हणजे कधी?"

"एक-दोन वर्षांत."

"साहेब, टेम्पो एकदा रिकामा झाला की प्रत बदलता येत नाही."

चौबळांना ते कळलं नसावं. ते म्हणाले, "तबस्सुम, तू निर्णय घे. दुसरी लेखिका तू आहेस." आणि फोन ठेवला.

तबस्सुम बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत बसली. मग म्हणाली, "पुन्हा बघाल? एकाहत्तरच्या एकाहत्तर? माझ्याकडं न बघता?"

"बघतो. पण एकाहत्तर नाहीत, नव्वद आहेत."

"एकाहत्तर, काका. चौऱ्याण्णवातून तेवीस गेली."

"एका रविवारी दहा. नऊ रविवार. माल मोजायला मी चुकत नाही."

"मॅडमनी मला एकाहत्तरांचीच यादी पाठवली. यादीखाली लिहिलं होतं, थांब, एवढ्यात वापरू नकोस. मला वाटलं, तेवीस राहिलीत म्हणून थांब म्हणतायत."

मॅडमचं लोखंडी कपाट मी दीड महिना उघडलं नव्हतं. किल्ली कुठं आहे ते माहीत होतं. उघडलं. वर साड्या, खाली कागद. चित्रं एका बुटाच्या खोक्यात होती आणि खोक्यावर निळ्या पुठ्ठ्याची वही. तबस्सुमनं चित्रं मोजली. नव्वद भरली.

मग तिनं वही उघडली. रेघा मारून रकाने पाडले होते. पहिल्या रकान्यावर 'मी', दुसऱ्यावर 'तब', तिसऱ्यावर 'अहो'. एकोणीस नंबरांपुढं लाल टिंब होतं.

"ही एकोणीस वादातली नाहीतच," तबस्सुम म्हणाली. तिनं दोन-तीन चित्रं काढून उजेडात धरली. "ही मला माहिती आहे. आणि ही पण. काका, या खरोखरच्या मेलेल्या आहेत. यांच्यावर कुणाचंच दुमत नाही. मॅडमनी या मुद्दाम मिसळल्या. कसोटी म्हणून."

"कुणाची कसोटी?"

"तुमची."

एकोणीसपैकी बारा मेलेल्यांना मी 'आहे' म्हटलं होतं.

पानाच्या समासात मॅडमनी प्रत्येक रविवारची एक-दोन ओळींत नोंद केली होती. तबस्सुम मोठ्यानं वाचू लागली.

"पहिला रविवार. कसोटीच्या दोन, दोन्ही 'आहे'. चित्राआधी माझ्याकडे बघतात."

"तिसरा रविवार. मी वर्तमानपत्र वाचत बसले. पेपरच्या वरून बघतात."

"चौथा रविवार. स्वयंपाकघरात गेले. तिथून 'झालं का' विचारलं. पुढची चार 'आहे'. विचारायला नको होतं."

"सहावा रविवार. मुद्दाम तोंड पाडून बसले. दहाच्या दहा 'नाही'. मग वाईट वाटलं. भजी केली."

तबस्सुम हसायला लागली. हसता हसता तिनं वही तोंडावर धरली, आणि मग ती हसत नव्हती. मी आत जाऊन दूध झाकून आलो.

तो सहावा रविवार मला आठवत होता. त्या दिवशी आपलं काय चुकलं हे मी संध्याकाळपर्यंत शोधत होतो. तिच्या भाच्याच्या साखरपुड्याला गेलो नाही म्हणून असेल, असं ठरवून मी त्याला फोनही केला होता. भजी आली तेव्हा मला वाटलं, माफ झालं.

वहीच्या शेवटच्या पानावर नवव्या रविवारची तारीख होती. तिनं सरळ अक्षरात लिहिलं होतं. 'यांचे निर्णय असे वापरता येणार नाहीत. डोळा चांगला आहे, पण मी समोर नको. पुढच्या आठवड्यात धाकट्या बहिणीकडे जिंतूरला जाणार आहे, तेव्हा गुंडेरावला बसवून सगळी पुन्हा दाखवणे, मी घरात नसताना. उरलेली तेवीसही तशीच. आल्यावर यांना सांगणे.'

तबस्सुमनं वही माझ्या हातात दिली. मी ते एकदा वाचलं.

"म्हणजे मॅडमना माहीत होतं," ती म्हणाली.

"पहिल्या रविवारपासून."

"आणि तुम्हाला काही बोलल्या नाहीत?"

"बोलली असती तर मी अजून जास्त बघितलं असतं तिच्याकडं."

तबस्सुम म्हणाली, "चला मग. मॅडम घरात नाहीत." हे बोलल्यावर ती स्वतःच दचकली. मी म्हटलं, "चल."

तिनं कागदाच्या पट्ट्या कापून जुने नंबर झाकले, त्यावर नवे घातले आणि मेलेल्या एकोणीसही पुन्हा मिसळल्या. खोक्यातली आणि पाकिटातली चित्रं एक केली. एकशे तेरा चित्रं झाली. मग खुर्ची घेऊन ती अंगणात लिंबाखाली माझ्याकडं पाठ करून बसली. गुंडेरावला बोलावून घेतलं होतं. तो दारात स्टुलावर बसला. मी नंबर आणि आहे-नाही सांगायचं, त्यानं लिहायचं. गुंडेरावच्या तोंडाकडं बघून काही उपयोग नव्हता. त्या तोंडानं तीस वर्षांत कुणाला काही सांगितलं नव्हतं.

मी पहिलं चित्र खिडकीपाशी नेलं. कापूस बघतो तसं तिरकं धरलं. पांढऱ्या कापसात पिवळेपणा शोधायचा असतो. सुरुवातीला तो दिसत नाही, मग एकदा दिसला की तोच दिसतो. इथं उलट होतं. पिवळ्यात निळं शोधायचं. मी बराच वेळ धरून बसलो. गोळ्याच्या डाव्या कडेला, नखाएवढ्या जागेत, पिवळा रंग जरा थंड पडला होता.

"आहे," मी म्हणालो.

"नंबर, साहेब?" गुंडेराव म्हणाला.

दुसऱ्यात काही नव्हतं. तिसऱ्यात नव्हतं. नवव्यात एक निळी शेपटी होती, बाजूला ओढल्यासारखी. झडणाऱ्या वायूतच काही तारे होतात, असं मॅडम एकदा जेवताना सांगत होती आणि मी भाकरीकडं बघत हो-हो करत होतो. मी ते चित्र दोनदा बघितलं आणि 'आहे' म्हणालो.

गुंडेराव मधेच म्हणाला, "साहेब, हे सगळे तारे तिकडं खरंच आहेत का?"

"आहेत."

"आणि मॅडम ते मोजायच्या?"

"नवे तेवढेच."

"मग आपण जुने मोजायला नको का?"

"तू लिही."

त्या दिवशी साठ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी उजेड त्याच बाजूनं येईपर्यंत थांबलो आणि उरलेली त्रेपन्न केली. तबस्सुम दोन्ही दिवस पाठ करून बसली. एकदा तिला शिंक आली तर तिनं ती दाबून धरली. तिला भीती होती की शिंकेवरूनही मी काही ओळखेन.

दुपारी तिनं पट्ट्या काढल्या आणि हिशेब लॅपटॉपवर घातला. एकोणीस मेलेल्यांपैकी या वेळी मी दोनच चुकलो होतो. वादातल्या एकाहत्तरांत 'आहे' आले सतरा. तेवीसमध्ये सात.

"शंभरात किती झाले?" मी विचारलं.

"अकरा."

"अकराला काय म्हणतात तुमच्यात?"

ती जरा विचार करून म्हणाली, "असू शकतं, असं म्हणतात."

"आणि अठराला?"

"आहे, म्हणतात."

मी मान हलवली. गुंडेरावनं विचारलं, "म्हणजे मॅडम जिंकल्या की हरल्या?" मी पट्ट्या गोळा केल्या. मग तबस्सुम म्हणाली, "मॅडमचं बरोबर असू शकतं," आणि तो म्हणाला, "मग ठीक आहे."

मी तिला बसस्टँडवर सोडलं. बस हलायच्या आधी ती खिडकीतून म्हणाली, "काका, तुम्ही गप्प बसला असतात तर अठरा राहिले असते."

"माहीत आहे."

"मी भांडले नसते."

"तेही माहीत आहे."

परिषदेला मी गेलो नाही. चौबळांनी भाषण केलं, अकराच सांगितले. पहिलं भाषण असूनही टाळ्या बेताच्या पडल्या, असं तबस्सुम म्हणाली. मेहुणीला हे कुणीतरी सांगितलं. ती मला म्हणाली, "दाजी, ती गेली ते गेली. तिच्या मागं तिचं कामही बारीक केलंत." मी तिला अकरा आणि अठराचं समजावून सांगायला लागलो. तिनं ऐकून घेतलं नाही. तिच्या जागी तिचंही बरोबर असू शकतं.

पेपर दीड वर्षानं छापून आला. मॅडमचं नाव पहिलं आहे आणि नावावर एक छोटी खूण आहे, माणूस हयात नाही अशी. आत एक परिच्छेद माझ्यावर आहे. नाव नाही, तिसरा निरीक्षक एवढंच. समोर संशोधक असताना तो किती वेळा चुकला आणि नसताना किती, ते टक्केवारीसकट दिलं आहे. तबस्सुम सांगते की लोक निष्कर्षापेक्षा तो परिच्छेदच जास्त वाचतात. तीन-चार ठिकाणी इतरांनी आपापल्या कामात तशी कसोटी लावली, मॅडमची पद्धत म्हणून. माझी चूक आता चार देशांत माहीत आहे.

पुढं त्याच समूहांचे जास्त चांगले फोटो आले. तबस्सुमनं नव्यानं बघायला घेतलेत. अकरा खरे की अठरा, की भलतंच काही, ते अजून ठरलेलं नाही. मला आता ती चित्रं पाठवत नाहीत. माझा डोळा आता पहिल्यासारखा राहिला नाही. जिनिंगचं कामही मी सोडलं.

वही माझ्याकडं आहे. शेवटच्या पानावरची पहिली दोन कामं आम्ही केली. तिसरं, 'आल्यावर यांना सांगणे', मॅडमचं होतं. ते कसं सांगणार होती, हसत की रागावून, यावर तबस्सुमचं आणि मेहुणीचं जुळत नाही. मला दोघींचं ऐकून काही ठरवता येत नाही. ते सांगायचं राहिलं आहे.